पत्रा वाजवून गाडी घेऊ नका

शोरूममध्ये टाटाच्या नेक्सॉनच्या बॉनेटवर बोटं आपटून ‘पत्रा बघा’ म्हणणारं कुणीतरी बरोबर असतंच. मारुतीच्या ब्रेझाच्या बाजूने ‘मायलेज आणि रिसेल’ एवढं बोलून विषय मिटवणारंही असतं. चार मीटरच्या आतली एसयूव्ही घ्यायला निघालेल्या घराला हे दोघेही चुकीच्या वाटेला लावतात.

आधी पत्र्याचं. अपघातात जीव वाचवतो तो बॉनेटचा पत्रा नव्हे. गाडीचा पुढचा भाग चुरगळून धडक सोसतो आणि माणसं बसतात तो सांगाडा शाबूत राहतो. उरलेलं काम बेल्ट आणि एअरबॅगचं. पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होणाऱ्या नेक्सॉनला डिसेंबर 2018 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये पाच तारे मिळाले, ते अशा बांधणीमुळे. भारतात बनून भारतात विकल्या जाणाऱ्या गाडीला ते पहिल्यांदाच मिळत होते. त्याच वर्षी तेव्हाच्या विटारा ब्रेझाने चार तारे मिळवले होते, तेव्हा ‘मारुती म्हणजे पत्र्याचा डबा’ हे सरसकट बोलणंही टिकत नाही. पण मुलांच्या सुरक्षेत तेव्हा नेक्सॉनला तीन आणि ब्रेझाला दोनच तारे होते, हे कुणी सांगत नाही. नव्या नेक्सॉनने 2024 मध्ये तिथेही पाच मिळवले. माझ्या लेखी या गाडीची सगळ्यात मोठी जमेची बाजू ही आहे.

आता मायलेज. ब्रेझाला झुकतं माप देऊन लिटरमागे तीन किलोमीटरचा फरक धरू, 19 आणि 16. वर्षाला 10,000 किलोमीटर चालणाऱ्या गाडीत तो शंभर लिटरही भरत नाही. म्हणजे महिन्याला आठ-नऊशे रुपये. शिवाय करांचा हिशेब आहेच: ब्रेझाचं पेट्रोल इंजिन 1462 सीसीचं, म्हणजे 1200 च्या मर्यादेबाहेरचं. सप्टेंबर 2025 पासून तिच्यावर 40 टक्के जीएसटी लागतो, नेक्सॉनवर 18. सगळी बचत पंपावरच होते असं समजणाऱ्यांनी हा फरकही मांडावा.

मग ब्रेझा घेऊच नये का? तसं मी म्हणणार नाही. रोज शहरातच, सिग्नल ते सिग्नल चालवायची असेल, तर तिचं चार सिलिंडरचं शांत इंजिन आणि सहा गिअरचं ऑटोमॅटिक खरोखर सुखाचं आहे. नेक्सॉनच्या तीन सिलिंडरची थरथर जाणवते आणि टर्बो जागा होईपर्यंत ती जरा जड वाटते. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला मारुतीचं सर्व्हिस सेंटर जवळ असणं ही तर फार मोठी गोष्ट. पण वर्षातून चार वेळा पाच माणसं आणि सामान घेऊन खंबाटकी किंवा कशेडीचा घाट चढायचा असेल, तर नेक्सॉनचा 170 न्यूटन-मीटरचा टॉर्क ब्रेझाच्या टॉर्कपेक्षा निश्चित उपयोगी पडतो. अशा घराला मी नेक्सॉनच घ्यायला सांगेन.

टेस्ट ड्राइव्हला एकट्याने जाऊ नका. आईला मागे बसवा. लहान मूल असेल तर त्याचं सीट बरोबर न्या, ते आयसोफिक्सच्या कड्यांत स्वतःच्या हाताने अडकवून बघा. आणि मागे मधोमध बसणाऱ्याला खांद्यावरून येणारा बेल्ट आहे का, हे शोरूममधल्या टॉप मॉडेलवर नको, तुम्ही घेणार आहात त्या व्हेरियंटमध्ये बसून तपासा, बुकिंगची रक्कम भरण्याआधी.