एकाच वाणाची शंभर पाकिटे

मृगाच्या तोंडावर कपाशीचे बियाणे घ्यायला परभणीच्या मोंढ्यात आलेला शेतकरी दुकानात शिरताच गोंधळून जातो. भिंतभर पाकिटे लावलेली असतात. प्रत्येकाचे नाव वेगळे, रंग वेगळा, आणि खरे बियाणे आमचेच हा प्रत्येकाचा दावा. वस्तुस्थिती अशी की, २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर दहा वर्षांत देशात हजाराहून अधिक संकरित वाणांना मान्यता मिळाली, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात तीच एक-दोन जनुके होती. २०१७ साली गुलाबी बोंडअळी आली, तेव्हा तिने पाकिटांवरची नावे वाचली नाहीत. शंभरांतून एक निवडला असे ज्याला वाटत होते, त्याने खरे म्हणजे काहीच निवडले नव्हते.

हे आठवायचे कारण असे की, गेल्या उन्हाळ्यात अशाच एका दुकानाच्या ओट्यावर माझा भाचा आणि दुकानदाराचा मुलगा हमरीतुमरीवर आले. वाद शेताच्या बांधाचा नव्हता, फोनवरच्या लढाईच्या खेळांचा होता. एकाचा पब्जी, दुसऱ्याचा फ्री फायर. ही नावे सरकारी हुकुमांनी केव्हाच बदलायला लावली. पोरांच्या तोंडी ती तशीच आहेत. दुकानदाराचा मुलगा म्हणाला, "तुझं फ्री फायर म्हणजे गरिबाचं पब्जी!" भाच्याचे तोंड उतरले. मी मध्ये पडून म्हणालो, "अरे, दोन्ही सारखेच दिसतात की!" त्यासरशी दोघांची तत्काळ एकी झाली. "मामा, तुम्हाला नाही समजायचं."

मी समजून घेतले. पब्जीत शंभर माणसे विमानातून एका ओसाड मुलखात उतरतात, हत्यारे हुडकतात, एकमेकांना मारतात. भोवतीचे वर्तुळ आवळत जाते आणि शेवटी एक माणूस किंवा एक टोळी उरते. फ्री फायरमध्ये हेच सारे पन्नास माणसांत आणि दहाएक मिनिटांत उरकते, आणि तो खेळ कमी ताकदीच्या, स्वस्त फोनवरही चालतो. भाच्याकडे बापाने वापरून दिलेला फोन आहे. तेव्हा ओट्यावरचे भांडण खेळाचे नव्हते, फोनच्या किमतीचे होते. एका मालाची दोन पाकिटे झाली, आणि दोन पाकिटांच्या दोन जाती झाल्या.

ही कल्पना मुळात कोठून आली तेही पाहावे. १९९९ साली जपानमध्ये कौशुन ताकामी यांची 'बॅटल रॉयल' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी किंजी फुकासाकू यांनी तिच्यावर चित्रपट काढला. सत्ताधारी शाळेतल्या एका वर्गाला बेटावर नेऊन सोडतात आणि शेवटचा एक उरेपर्यंत एकमेकांना मारायला लावतात, अशी ती कथा. त्या चित्रपटावरून ब्रेंडन ग्रीन या आयरिश गृहस्थाला आपल्या खेळाची कल्पना सुचली, आणि २०१७ साली पब्जी बाजारात आला. मुलांना परस्परांच्या जिवावर उठवणाऱ्या वडीलधाऱ्यांवर जी कथा आरोपपत्रासारखी लिहिली गेली, तिचा आरोप गळून पडला आणि उरला फक्त खेळ!

मग दुकानदारांची भांडणे जुंपली. त्याच २०१७ साली फोर्टनाइटने हा प्रकार उचलला आणि फ्री फायर आला. २०१८ साली पब्जीवाल्यांनी चीनच्या नेटईज कंपनीवर अमेरिकेत दावा लावला आणि २०२२ साली फ्री फायरच्या गरेनावर. आमच्या खेळात तव्याने हाणता येते, त्यांच्याही खेळात तव्याने हाणता येते, अशा थाटाची तक्रार न्यायालयापुढे गेली. जपानी कथेवर उभा राहिलेला माणूस शेजाऱ्याला चोर म्हणतो, याचे हसू कोणाला आले नाही.

कोणी म्हणेल, स्पर्धेने माल सुधारतो. हा मुद्दा नीट तपासला पाहिजे. या खेळाला डाव मांडायला पन्नास-शंभर गडी लागतात. जेथे मित्र तेथे पोरगा जातो. म्हणून नव्या दुकानदाराला जुन्याची गर्दी फोडण्यावाचून गत्यंतर नसते, आणि गर्दी फोडायची तर फार वेगळे असण्याचे धाडस परवडत नाही. येथे स्पर्धा सरस होण्याची नाही, सारखे होण्याची आहे. खेळ फुकट असतो, कारण विकायचे असते दुसरेच. आपल्या पडद्यावरच्या छायेसाठी पोरगा अंगरखा विकत घेतो, बंदुकीसाठी नवा रंग घेतो, हंगामाचा पास घेतो. पुष्कळदा पैसे भरून पेटी उघडेपर्यंत आत काय आहे ते कळत नाही. आपल्या जत्रेत याला चक्री म्हणतात आणि पोरांना तिच्यापासून लांब ठेवतात.

या भांडणात आपले सरकार आणि आपले देशभक्त कसे उतरले, तोही इतिहास मनोरंजक आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी पब्जीवर बंदी आली. दोनच दिवसांनी फौजी नावाच्या स्वदेशी खेळाची घोषणा झाली आणि २६ जानेवारी २०२१ रोजी तो निघाला. त्याच वर्षी २ जुलैला पब्जी नावात भारत घालून परत आला, २०२२ च्या जुलैत पुन्हा गेला, २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी आली, पण त्याचा मॅक्स नावाचा जुळा भाऊ दुकानात तसाच बसून राहिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये आमच्या पुण्याच्या सुपरगेमिंगने इंडस काढला. त्यात भविष्यातला भारत आहे, नवी सजावट आहे, पुष्कळ कष्ट आहेत. पण उतरायचे, हुडकायचे, मारायचे आणि उरायचे, हे व्याकरण तेच! भाडे पुण्यात भरले काय आणि सोलमध्ये भरले काय, घर तेच असेल तर भाडेकरूला काय फरक पडतो?

बंदीवाल्यांशीही माझे जमत नाही. मार्च २०१९ मध्ये हिंगोलीत दोन तरुण रेल्वेखाली सापडले. ते रुळांलगत पब्जीत गुंतले होते, अशा बातम्या आल्या. १९९९ पर्यंत हिंगोली आमच्याच जिल्ह्यात होती. ते दु:ख आम्हाला परके नाही. त्यानंतर बंदीचा गजर झाला. पण संध्याकाळी या पोरांना बसायला, भेटायला, खेळायला रुळांवाचून दुसरी जागा का नव्हती, हे कोणी विचारले? आमच्या काळी आट्यापाट्या होत्या, हे रडगाणे मला गायचे नाही. खेळ पडद्यावर आहे म्हणून तो वाईट ठरत नाही. तो दहाव्यांदा तोच आहे, ही माझी तक्रार आहे.

आणि वेगळे करता येत नाही असे नाही. पोलंडच्या एका कंपनीने २०१४ साली 'दिस वॉर ऑफ माइन' नावाचा खेळ काढला. साराजेव्होच्या वेढ्यावरून तो सुचला. त्यात आपण शिपाई नसतो. वेढलेल्या शहरातली भुकेली, आजारी, घाबरलेली माणसे सांभाळायची असतात. २०२० साली पोलंडच्या सरकारने तो शाळांच्या पूरक वाचनयादीत घेण्याचे जाहीर केले. तो एकट्याने खेळायचा खेळ आहे, हे मान्य. मग शंभर जणांनी मिळून खेळायचा तसा खेळ आपण का करू नये?

बंदुकीचा आवाज या जिल्ह्याला पडद्यावरून कळलेला नाही. १९४८ सालच्या सप्टेंबरात निजामी राजवट संपण्यापूर्वी रझाकारांच्या धास्तीने मराठवाड्यातल्या कित्येक कुटुंबांनी रातोरात हद्द ओलांडली. त्या रात्री शेवटचा एक उरला म्हणून कोणी जिंकले नाही. म्हातारी, तान्ही मुले, गुरेढोरे घेऊन जितके जण पलीकडे पोचले, तितका विजय. शंभरांनी उतरायचे आणि शंभरांनी सुखरूप बाहेर पडायचे, असा डाव आमच्या आजोबांनी खेळला आहे, आणि तो पुण्यात बसलेल्या एकाही कसबी तरुणाला सुचू नये? तो सुचला आणि साधला, तर मी त्याला स्वदेशी म्हणेन. तोवर तिरंगी पाकिटावर माझा विश्वास नाही.

दिवाळी अंकांनी हे बोलावे का, असेही कोणी विचारील. आम्हीही वर्षानुवर्षे तेच राशिभविष्य नव्या मुखपृष्ठात बांधून विकतो, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तर हा रोग मला ओळखू येतो.

भाचा या दिवाळीत नवा फोन मागतो आहे. गरिबाचा खेळ सोडून त्याला श्रीमंताचा खेळायचा आहे. त्याच्या बापाचा कापूस अजून घरातच आहे. त्या पोराला मी काय सांगू? दोन्ही पाकिटांत वाण एकच आहे, हे मी सांगितले तर तो म्हणेल, "मग मामा, दुसरं आहे का तुमच्याकडं?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही. आणि ते नाही याचा दोष मी त्या पोराला देणार नाही.