आयतवारात आयतं काय होतं?

दोस्तहो, रविवारच्या पुरवण्या वाचता का? वाचत जा. विकत घेऊ नका, भजी बांधून आलेला कागद वाचला तरी चालेल. दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी साहेब तिथं आपल्या बालपणीचा रविवार काढून बसलेला असतो. सकाळी आईनं चोळून घातलेली आंघोळ, शिकेकाईचा वास, पुऱ्या, बटाट्याची भाजी, टीव्हीसमोर बसलेली अख्खी आळी. दुपारी वडलांची वामकुक्षी. आणि संध्याकाळी 'उद्या शाळा' म्हणून पोटात आलेला गोळा. शेवटच्या ओळीत सुस्कारा: गेले ते दिवस!

माझा सवाल साधा आहे. त्या पुऱ्यांची खरकटी भांडी कुणी घासली? तुमच्या गल्लीतला संडास त्या दिवशी कुणी उपसला? त्या बाईचा रविवार कुठल्या पुरवणीत आला? लोक नुसत्या आठवणी लिहीत नाहीत. आपला रविवार हाच साऱ्या देशाचा रविवार, असं ते पोरासोरांच्या डोक्यात भरतात. मग आपलीही शिकलेली पोरं तसलंच लिहायला लागतात. न खाल्लेल्या पुऱ्यांचे ढेकर देतात.

मी सूतगिरणीत रिंग खात्यावर काम करतो. शाळा दहावीला सुटली, पुढचं शिक्षण विहारातल्या कपाटानं केलं. गाव उमरगा तालुक्यातलं. आमच्या वस्तीत रविवार नव्हताच. आयतवार होता. नाव आयतवार, पण त्यात आयतं काही नव्हतं.

आयतवारी शाळा बंद, म्हणजे खिचडी बंद. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयानं हुकूम काढला की सरकारी शाळेतल्या लेकरांना शिजवलेलं अन्न द्या, वर्षातून किमान २०० दिवस. आता ३६५ मधून २०० वजा करा. उरले १६५. पोटाला सुट्टी कुठल्या कोर्टानं दिली? शनिवारी खिचडी वाढताना सैपाकाची मावशी म्हणायची, "पोट भरून खा रे लेकरांनो, उद्या आयतवार हाय." साहेबांच्या पोटात गोळा रविवारी संध्याकाळी यायचा. आमच्या पोटात तो शनिवारीच यायचा.

मग आयतवारी मायच्या मागं रानात. सोयाबीन खुरपायचं, उडीद उपटायचा. मोठ्याला हजेरी, पोराला अर्धी हजेरी. कधी तीही नाही. "आईला मदत करतंय लेकरू, त्याचे कसले पैसे?" असं मालक हसत म्हणायचा. पाटाचं पाणी प्यायचं तर ओंजळीनं. तांब्या खोपीत टांगलेला असायचा, पण तो आमच्यासाठी नसायचा.

आणि तरी खरं सांगतो, आयतवार आवडायचाही. त्याच दिवशी बाप घरी असायचा. आमच्या गावचा बाजार त्याच दिवशी. मायच्या पदराला धरून बाजारात गेलं की पुडीत गोडीशेव मिळायची. कधीमधी चुलीवर वशाट शिजायचं आणि साऱ्या वस्तीला वास सुटायचा. सांजच्याला विहारात वंदना. पांढरी कापडं घातलेल्या बाया, मेणबत्त्या, आणि आम्ही पोरं बेंबीच्या देठापासून पंचशील म्हणायचो. आयतवाराचं नाव काढलं की आजही तोंडाला पाणी सुटतं आणि पाठही दुखते. दोन्ही खरं आहे. यातलं एकच सांगणारा लेखक मला नको. रडगाणंही नको आणि पुरवणीतला सुस्काराही नको.

आजा सांगायचा ते आणखी वेगळं. आमचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडं. तिथं शाळा-कचेरीची सुट्टी शुक्रवारी. पण आजाचा बाप येसकर. "त्याला ना शुकीरवार, ना आयतवार. सांगावा आला की उठायचं," असं आजा म्हणायचा. राजा बदलला, सुट्टीचा वार बदलला. वेठीला वार नव्हता तो नव्हताच. ज्याचं काम हे काम म्हणूनच धरलं जात नाही, त्याला सुट्टी कशातून देणार?

मग हा रविवार आला कुठनं? इंग्रजांनी दिला, असं शाळेत ऐकलेलं असतं. चर्चमुळं सरकारी कचेऱ्यांना मिळाला, हे खरं. पण मुंबईच्या गिरण्यांना तो फुकट मिळाला नाही. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत गिरणी चालायची. जोतीराव फुल्यांचा साथीदार, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यानं १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याची सुट्टी मागितली. सहा वर्षं मागतच राहिला. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालक नमले आणि रविवार मिळाला. १८९७ साली प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करता करता लोखंडे गेला. कॅलेंडरातल्या लाल आकड्याखाली मी अजून त्याचं नाव पाहिलेलं नाही.

रविवार मागताना खंडोबाचा वार म्हणूनही लोखंड्यांनी त्याचा आधार घेतला. आमच्याकडं नळदुर्ग-अणदूरचा खंडोबा. आपल्याही जुन्या माणसांनी कोटंबे घेऊन वारी मागितली, आपल्याच पोरी मुरळ्या म्हणून सोडल्या गेल्या. तो आयतवार आपण १९५६ नंतर सोडला. बरं केलं. पण लोखंड्यांनी मिळवलेला रविवार सोडायचा नाही. देवाचा वार सोडायचा, कामगाराचा धरायचा. दोन्हीत फरक आहे.

त्या गिरणीतही जात होतीच. साच्यात धोट्याचा धागा तोंडानं ओढावा लागायचा, म्हणून आपल्या माणसाला कापड खात्यात घेत नसत. त्याची जागा सूत खात्यात, कमी पगारावर. रविवार साऱ्यांचा एक, पण सोमवार जातीजातीचा. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी लाल पुढाऱ्यांना हाच सवाल केला. पुढं १९४२ ते ४६ ते मजूरमंत्री असताना पगारी रजेचा कायदा १९४५ ला झाला, आणि १९४६ ला कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला.

आता जुन्या तारखांचे वार काढा. मी काढले, रात्रपाळीत, पाठकोऱ्या कागदावर. महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यालो, २० मार्च १९२७, वार रविवार. मनुस्मृती जाळली, २५ डिसेंबर १९२७, रविवार. काळाराम मंदिराचा सत्याग्रह, २ मार्च १९३०, रविवार. आपल्या जिल्ह्यात कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदारांची परिषद, २२-२३ फेब्रुवारी १९४१, शनिवार-रविवार. येवल्याची घोषणा, १३ ऑक्टोबर १९३५, रविवार. आणि नागपूर, १४ ऑक्टोबर १९५६. तोही रविवार.

योगायोग म्हणता? त्या दिवशी नाताळही होता, दसराही होता, मान्य. पण सहाच्या सहा? चळवळीला आले कोण? गिरणीतले, रेल्वेतले, बंदरातले, पलटणीतून परतलेले. त्यांना मोकळा वार कुठला? लोखंड्यांनी सुट्टी मागितली ती नुसती झोपायला नाही, आणि आपल्या माणसानं त्या सुट्टीत झोप काढलीही नाही. तळं पेटवलं, पोथी पेटवली, धर्म बदलला.

म्हणून मालकांच्या डोळ्यांत रविवार खुपतो. २०२५ च्या जानेवारीत एका बड्या कंपनीचा अध्यक्ष बोलून गेला की आठवड्याला ९० तास काम करा, रविवारी तुम्हाला कामाला लावता येत नाही याचीच खंत वाटते, घरी बसून बायकोचं तोंड किती बघाल? मध्यमवर्ग चिडला, विनोद झाले, विषय मिटला. त्याच सालच्या सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातले दिवसाचे तास ९ वरून १२ करायला मंजुरी दिली. त्यावर विनोद झाले नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. आठवड्याला एक सुट्टी त्यातही आहे. पण कागदावर. कंत्राटी माणसाला विचारा. त्याची सुट्टी म्हणजे बुडालेला रोज. गिरणी थांबत नाही, म्हणून आमची सुट्टी खात्याखात्यानं फिरते. मला या महिन्यात मंगळवार आहे. माझ्या शेजारच्या साच्यावरचा गडी सुट्टीच घेत नाही, कारण घरभाडं सुट्टी घेत नाही.

आता आपल्याकडं येतो. राग आला तर येऊ द्या. आपल्या बैठका आजही रविवारी सकाळी अकराला. कोण येतं? मास्तर येतो, बँकेतला येतो, कॉलेजातला येतो. कंत्राटी झाडूवाली, वॉचमन, ऊसतोड्या, पार्सल पोचवणारं पोरगं येत नाही. रविवार हा तर त्यांच्या कामाचा सगळ्यात जड दिवस. मग आपण ठराव करतो: समाज जागा होत नाही. अरे, समाज रात्रभर जागाच आहे, ड्युटीवर!

आणि बाया? बैठकीला चहा कुठनं येतो? माझ्या मायनं उभ्या जन्मात एक आयतवार पाहिलेला नाही. रानातनं येऊन सारवण, धुणं, बाजार, दळण, भाकरी. १८९० साली दोन कामगार बाया दहा हजारांच्या सभेत उठून बोलल्या, आणि आपल्या बैठकीत आपल्याच घरची बाई दाराआड कप मोजते. हा कुठला आंबेडकरवाद?

म्हणून तीन कामं. बैठक पाळ्यांप्रमाणं लावा, एक रविवारी, एक रात्रपाळी सुटल्यावर गिरणीच्या गेटवर. कंत्राटदाराकडं सुट्टीचा पगार मागा, एकट्यानं नाही, यादी करून, सह्या घेऊन. आणि विहारात रविवारी वंदनेआधी लेकरांना जेवू घाला, खिचडी का असेना, आणि ती शिजवायला पुरुष उभे राहू द्या. उपाशी पोरगं पंचशील म्हणतं, पण त्याचं ध्यान पातेल्यावर असतं. हे मला कुणी शिकवायला नको.

पुरवणीवाल्यांना त्यांचा रविवार आठवू द्या. आपल्याला आपला अजून मिळवायचाय.

जयभीम.