चर्चामंच आहे, उत्तर कोण देणार?

मार्च २०२० मध्ये वर्ग बंद झाले आणि शिक्षण मोबाइलच्या पडद्यावर आले. नायगाव किंवा ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीत, घरातल्या सर्वांसमोर ठरल्या वेळी माइक सुरू करून शंका विचारणे किती अवघड, हे वेगळे सांगायला नको.

अशा विद्यार्थ्यासाठी ऑनलाइन चर्चामंच ही चैन नव्हे, गरज आहे. कामावरून परतल्यावर रात्री शंका लिहावी, शिक्षकांनी सवडीने उत्तर द्यावे आणि ते सर्वांना वाचता यावे, ही त्याची साधी रीत. केंद्र सरकारने जुलै २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘स्वयम्’मध्ये व्हिडिओ व्याख्यान, वाचनसाहित्य आणि स्वयंचाचणी यांच्या जोडीला चर्चामंच हा चौथा घटक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये अशा अभ्यासक्रमांतून एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवण्याची मुभा दिली.

मात्र व्याख्यान एकदा मुद्रित केले की वर्षानुवर्षे चालते. शंकेला दरवेळी नव्याने उत्तर द्यावे लागते. हे काम अध्यापकांच्या कार्यभारात मोजले गेले नाही, तर मंच ओस पडणारच. प्रश्न भाषेचाही आहे. परळ-लालबागच्या मराठी शाळेतून आलेल्या विद्यार्थ्याला चारचौघांत इंग्रजीतून शंका लिहिण्याचा संकोच वाटणे स्वाभाविक आहे. मराठीतून विचारलेल्या प्रश्नालाही तेथे मान हवा.

दिवसभर राबणाऱ्यांसाठी गिरणगावात रात्रशाळा चालल्या, त्या शिक्षक रात्री वर्गात हजर राहिले म्हणूनच. चर्चामंचालाही हाच नियम लागू आहे.