बी.बी. आणि साखळीची रेषा

सायकल निवडताना आपली दृष्टी रंगावर जाते, टायरांवर जाते, गिअरच्या संख्येवर जाते. परंतु स्वाराच्या पायांचे सारे बळ ज्या ठिकाणी एकवटते, तिकडे क्वचितच कोणी पाहतो. दोन्ही पायडलांच्या मधोमध, फ्रेमच्या तळाशी, एक आखूड आडवी नळी असते. तिच्यातून जाणारी आस, आसेला तोलून धरणारे छर्रे आणि छर्रे सांभाळणाऱ्या वाट्या या सर्वांना मिळून बॉटम ब्रॅकेट म्हणतात. दुरुस्तीच्या दुकानांत हिचेच नाव बी.बी. डोंगरी सायकलीची बी.बी. चुकीच्या मापाची बसली, तर त्याचा प्रत्यय सपाट रस्त्यावर येत नाही, चढावर येतो. मुलगा पायडलवर उभा राहून जोर लावतो आणि त्याच क्षणी साखळी दातांवरून उसळते. पाय हवेत जातो, आणि गुडघा किंवा हनुवटी हँडलवर आपटते. म्हणून या लहानशा भागाची माहिती घरातील वडीलधाऱ्यांनाही असावी.

जुन्या काळ्या सायकलीत हा प्रश्न फारसा नव्हता. पुढे एक दातेरी चकती, मागे एक फ्रीव्हील. दोन्ही समोरासमोर असली की काम झाले. गिअरच्या सायकलीत मात्र मागे सात, आठ किंवा बारा चकत्या शेजारी शेजारी असतात. साखळी त्यांच्यावरून सरकते, तेव्हा ती थोडी तिरपी होणारच. हा तिरपेपणा दोन्ही बाजूंना सारखा वाटला जावा, एवढेच आपल्या हाती असते. फ्रेमच्या मध्यरेषेपासून पुढच्या चकतीच्या दातांच्या मध्यापर्यंतचे अंतर म्हणजे साखळीची रेषा. पुढे तीन चकत्या असतील, तर मधल्या चकतीपर्यंत मोजावे.

डोंगरी सायकल जन्मास आली ती अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरीन परगण्यात. तेथील तरुण 1970 नंतरच्या दशकात जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगरउतारांवर शर्यती लावीत. जो ब्रीझ यांनी 1977 साली केवळ या कामासाठी नवी फ्रेम घडवली. जाड टायरला जागा हवी, म्हणून मागच्या नळ्या रुंद झाल्या. नळ्या रुंद झाल्या, म्हणून दातेरी चकतीही बाहेर सरकली. रस्त्यावरच्या सायकलीत दोन चकत्यांची रेषा साधारणतः 43.5 मिलिमीटरवर असते, तर तीन चकत्यांच्या डोंगरी सायकलीत ती 47.5 किंवा 50 मिलिमीटरवर येते. पुढे 148 मिलिमीटर रुंदीचा मागचा हब आला, तेव्हा ती 52 मिलिमीटरपर्यंत गेली. तात्पर्य, एका सायकलीचा भाग दुसरीला लागेलच असे नाही.

आता निवडीचा क्रम पाहू. प्रथम फ्रेमच्या त्या आडव्या नळीची रुंदी मोजावी. डोंगरी सायकलीत ती बहुधा 68 किंवा 73 मिलिमीटर असते. नळीच्या आत आटे आहेत की गुळगुळीत भोक आहे, हेही पाहावे. गुळगुळीत असेल तर बी.बी. दाबून बसवावी लागते. त्यानंतर आसेचा प्रकार. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या सायकलींत चौकोनी टोकांची आस असते, महाग सायकलींत 24 मिलिमीटर व्यासाची पोकळ आस. पोकळ आसेची लांबी क्रँकबरोबर ठरलेलीच असते; तेथे नळीच्या रुंदीप्रमाणे 2.5 मिलिमीटरच्या चकत्या घालून मेळ साधतात. चौकोनी आस मात्र अनेक लांबींत मिळते. खरी निवड करावयाची ती येथेच.

समजा, घरातील मुलास तीन चकत्यांऐवजी एकच चकती बसवावयाची आहे. मागचा हब 135 मिलिमीटरचा, म्हणजे मध्यरेषा 67.5 मिलिमीटरवर. फ्रेमच्या आतील बाजूपासून मागच्या संचाच्या मध्यापर्यंतचे अंतर 22 मिलिमीटर भरले, तर संचाचा मध्य 67.5 वजा 22, म्हणजे 45.5 मिलिमीटरवर आहे. आता पुढे या. सीटखालची नळी गोल आणि 32 मिलिमीटर व्यासाची असेल, तर तिचा अर्धा भाग 16, नळीच्या कडेपासून दातांच्या मध्यापर्यंतचे अंतर 34, बेरीज 50. पुढची चकती 4.5 मिलिमीटर बाहेर आहे. सध्याची आस 122.5 मिलिमीटरची असल्यास 113 मिलिमीटरची घ्यावी. फरक 9.5 मिलिमीटरचा, तो दोन्ही बाजूंना वाटला की चकती 4.75 मिलिमीटर आत येते. मेळ जवळजवळ बसला. परंतु पैसे देण्यापूर्वी चकती आणि दोन्ही क्रँक मागच्या नळ्यांना घासणार नाहीत ना, हे अवश्य पाहावे. गणित जुळले आणि नळी घासली, तर ते गणित निरुपयोगी होय.

चौकोनी टोकांच्याही दोन रीती आहेत, जपानी आणि आंतरराष्ट्रीय. उतार सारखाच, परंतु टोकाची जाडी वेगळी. एका रीतीचा क्रँक दुसऱ्या रीतीच्या आसेवर चढवला, तर तो सुमारे 4.5 मिलिमीटर आतबाहेर बसतो आणि वरील सारा हिशेब फुकट जातो.

शेवटी सर्वांत महत्त्वाची सूचना. प्रचलित बी.एस.ए. मापात साखळीच्या बाजूची वाटी उलट्या आट्यांची असते. ती काढण्यासाठी पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो; डाव्या बाजूची वाटी मात्र नेहमीप्रमाणे उलट दिशेने सुटते. पायडलांचे याच्या विरुद्ध आहे. तेथे डावे पायडल उलट्या आट्यांचे असते. त्यामुळे भल्याभल्यांचा गोंधळ होतो. वाटी सुटत नाही म्हणून लांब पान्याने चुकीच्या दिशेला जोर लावला, तर फ्रेमचे आटे मोडण्याचा धोका असतो. बी.बी. नवी घेता येते. मोडलेल्या आट्यांची फ्रेम मात्र प्रसंगी टाकून द्यावी लागते. नवी वाटी बसवताना आट्यांना वंगण लावून पहिले काही फेरे बोटांनीच द्यावेत. बोटांनी फिरत नसेल, तर ती वाकडी लागत आहे असे समजून पुन्हा काढावी.

दुकानात जाताना एका कागदावर या गोष्टी लिहून न्याव्यात: नळीची रुंदी, आटे की दाब, आसेचा प्रकार, तिच्यावर कोरलेली लांबी, आणि पुढची व मागची साखळीची रेषा. जुनी बी.बी. निघाली असेल तर तीही बरोबर न्यावी. आणि नवी बसवून घरी आल्यावर, पहिल्या लांब फेरीनंतर क्रँकचे बोल्ट एकदा पुन्हा घट्ट करावेत. सैल क्रँक आपले चौकोनी भोक स्वतःच कुरतडून मोठे करतो, आणि मग नवीन आसेचाही काही उपयोग होत नाही.