एवढं करून काय उपयोग?



आपल्या अंकात पालकांनी गणपती, दिवाळी नाहीतर भारतवारी यांवर लिहावं असा रिवाज आहे. मी मात्र आज वजनकाट्यावर लिहिणार आहे. ताईंनी मुलांपुरतं सोपं लिहायला सांगितलं आहे. जिथे अडेल तिथे आईबाबांना विचारा, म्हणजे त्यांचंही वाचून होईल!

जानेवारी २०२५ मध्ये माझी रक्ततपासणी झाली. एचबीएवनसी ६.२ निघालं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. माझ्या वडिलांनी तो उंबरठा पंचेचाळिसाव्या वर्षी ओलांडला होता आणि माझं चव्वेचाळिसावं चालू होतं. त्यामुळे रिपोर्ट हातात घेऊन मी गाडीत बराच वेळ नुसता बसून राहिलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वजनाचे ७ टक्के कमी करा आणि आठवड्याला १५० मिनिटं भरभर चाला." वजन १८८ पौंड, म्हणजे उतरवायचे १३ पौंड. "१३ पौंड म्हणजे काय, पाडव्यापर्यंत उतरवतो," असं मी घरी जाहीर करून टाकलं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

तळघरातल्या ट्रेडमिलवर वाळत घातलेले कपडे निघाले. भात निम्मा झाला, चहातली साखर गेली. पहिल्या २ आठवड्यांत ५ पौंड उतरले. पेशाने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे लगेच आलेख काढला. रेघ तशीच पुढे ओढली तर पुढच्या दीड वर्षात मी पूर्ण अदृश्य होणार होतो! पण मग काटा रुसला. १८३, १८४, १८३, १८५. असे ७ आठवडे गेले. मार्चमधल्या एका गारठलेल्या सकाळी ४० मिनिटं चालून काट्यावर उभा राहिलो, तर पुन्हा १८५. "एवढं करून काय उपयोग!" असं ओरडून मी बूट कोपऱ्यात भिरकावले. आमची ९ वर्षांची कन्या तेव्हा जिन्यात उभी होती, हे मला नंतर कळलं.

पाडव्याला तिने श्रीखंडाची वाटी बाजूला सारली. "नको, माझे पौंड वाढतील." आणि त्याच संध्याकाळी मराठीचा गृहपाठ काढ म्हटल्यावर वही मिटून म्हणाली, "बाबा, एवढं करून काय उपयोग? मला अजून आजीसारखं बोलता येत नाही." वाक्य माझं, सूरसुद्धा माझा, फक्त उच्चार अमेरिकन. त्या रात्री मला झोप लागली नाही. वर्गाला घालून जे मराठी येत नव्हतं, ते माझ्या एका वाक्याने कसं चटकन आलं पाहा.

मग मी डोकं शांत करून हिशेब मांडला. माझ्या वजनाच्या माणसाने अर्धा तास भरभर चाललं की साधारण १५० कॅलरी खर्च होतात. आठवड्यातून ५ दिवस म्हणजे ७५०. एक पौंड चरबी म्हणजे सुमारे ३५०० कॅलरी. म्हणजे नुसत्या चालण्याने एक पौंड उतरायला जवळजवळ ५ आठवडे! खाणं आवरलं तर वेग थोडा वाढतो, इतकंच. उलट शरीरातलं पाणी एका दिवसात २-३ पौंड सहज वर-खाली होतं. शनिवारी कोणाकडे पापड-लोणच्यासकट जेवलं की मिठामुळे पाणी धरून राहतं आणि रविवारी काटा डोळे वटारतो. खरा बदल आठवड्याला पाव पौंडाचा, आणि वरचा गोंगाट दोन पौंडांचा. त्या गोंगाटात ती कुजबुज रोज सकाळी ऐकू यावी ही माझी अपेक्षाच चूक होती. पहिल्या ५ पौंडांचं गुपितही हेच. शरीर यकृतात आणि स्नायूंमध्ये थोडी साखर साठवून ठेवतं आणि दर ग्रॅम साखरेबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी. खाणं कमी केलं की आधी हा साठा उतरतो. म्हणजे मी ज्याचा जल्लोष केला ते बरंचसं पाणीच होतं.

शिवाय काट्याला सगळं कळतं असंही नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बी.एम.आय., म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा: २२.३. पण अंगातली चरबी युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! आपण भारतीय लोक बारीक दिसलो तरी आतून बारीक असतोच असं नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट चेन्नईची. तिथे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांची ३ वर्षं पाहणी केली. ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांना काहीच उपाय दिला नव्हता त्यांच्यापैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. ज्यांना खाण्याचं पथ्य आणि चालणं सांगितलं होतं त्यांच्यापैकी ३९ टक्क्यांना. आणि गंमत अशी, की या दुसऱ्या गटाचं वजन म्हणण्यासारखं उतरलंच नव्हतं! ती मंडळी माझ्यासारखी काट्याकडे पाहून बूट भिरकावून बसली असती तर? काटा गप्प होता, पण आत काम चालू होतं.

म्हणून माझं मत असं झालं आहे, की उमेद काट्याला बांधू नये. आपण रोज जे करतो त्याला बांधावी. काटा फार उशिरा बोलतो आणि कधीकधी खोटंही बोलतो. चाललो की नाही, हे मात्र त्याच दिवशी कळतं आणि ते आपल्या हातात असतं.

आमच्या फ्रिजवर आता एक कॅलेंडर आहे. चाललो त्या दिवशी निळी खूण. शेजारीच कन्येची लाल खूण, मराठीचं एक पान वाचलं की. किती छान वाचलं हे कोणी विचारायचं नाही. वजनकाटा कपाटात गेला. फक्त शनिवारी सकाळी बाहेर येतो आणि मी ४ शनिवारांची सरासरी पाहतो. महिन्यातून एकदा कमरेला टेप लावतो. रक्त दर ३ महिन्यांनी तपासतो. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे ती तपासणी कालच्या श्रीखंडाचा नाही, गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते.

काही मित्र म्हणतात, रोज वजन केलं नाही तर माणूस ढिला पडतो. ज्यांना तो आकडा पाहून दिवस खराब करून घ्यायचा नाही हे जमतं, त्यांनी जरूर रोज करावं. मला जमत नाही. आणखी कोणी म्हणतात, आता इंजेक्शनं निघाली आहेत, कशाला घाम गाळतोस? सेमाग्लुटाइडला अमेरिकेत वजनासाठी २०२१ मध्ये मान्यता मिळाली, आणि ज्यांना डॉक्टरांनी ते दिलं आहे त्यांनी मुळीच लाजू नये. माझं म्हणणं चालण्याबद्दल आहे. ते दोघांनाही लागतंच.

जुलैत ३ आठवडे पुण्याला गेलो. मावशी दारातच म्हणाली, "किती वाळलास रे!" आणि त्यावर उपाय म्हणून रोज काहीतरी तुपातलं. परतलो तेव्हा ४ पौंड जास्त आणि कॅलेंडरवर २१ रिकामे चौकोन. पूर्वीचा मी तिथेच थांबलो असतो. या वेळी बाविसाव्या चौकोनात खूण केली. रिकामे चौकोन भरता येत नाहीत, पण पुढचा येतो.

पालकांना एक हात जोडून विनंती. आपल्याकडे भेटल्या भेटल्या "काय, सुटलीस की!" किंवा "खात नाहीस का, काडी झालास!" म्हणायची पद्धत आहे. त्यात प्रेम असतं, मान्य. पण शेजारी मूल उभं असतं आणि ते सगळं टिपून घेतं. निदान आपल्या वर्गात तरी एकमेकांच्या अंगावर बोलणं बंद करू या. आणि बालदोस्तांनो, तुमच्यासाठी एवढंच: तुमचं वजन वाढायलाच हवं, कारण तुम्ही वाढताय. पौंडांची काळजी तुमच्या डॉक्टरांवर सोडा आणि श्रीखंड खा. मी अर्धी वाटी घेतो.

आता हिशेब सांगायलाच हवा. ऑक्टोबरमध्ये एचबीएवनसी ५.८ आलं. उंबरठ्यावरच आहे, पण आतल्या बाजूला सरकलो. वजन १८१. ठरवलेल्या १३ पौंडांपैकी ६ अजून शिल्लक आहेत आणि पाडवा कधीच होऊन गेला. कन्येने गेल्या महिन्यात आजीला फोनवर गोष्टीच्या पुस्तकातलं अख्खं पान वाचून दाखवलं. 'ळ' अजून 'ल'च होतो. आजीला सगळं कळलं.

रविवारी मुलं आत बाराखडी म्हणत असतात तेव्हा आपण पालक व्हरांड्यात दीड तास चहा आणि बटाटेवड्यांच्या संगतीत बसतो. मी आणि आणखी दोघे जण गेले काही रविवार शाळेच्या पार्किंगभोवती फेऱ्या मारतोय. वेग बेताचा आहे, गप्पा भरपूर आहेत, वजनाचा विषय निघत नाही. पुढच्या रविवारी बूट घालून या. वडे परत आल्यावरही असतील.

कमीजास्त लिहिलं गेलं असेल तर क्षमस्व.

आपला,
एक पालक