काही होत नाही हो!

लॅपटॉपची रॅम, मोबाईलची बॅटरी, हेडफोनचं बटण... शनिवारी बारीक स्क्रूड्रायव्हरचा सेट घेऊन बसणारे आपल्यात पुष्कळ. चांगली सवय आहे. पण "मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांध" म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, "काही होत नाही हो! इतकी वर्षं उघडतोय, एकदाही काही जळलं नाही."

माझं भांडण या वाक्याशी आहे.

दाराच्या कडीला हात लावल्यावर बसणारा चटका आपल्याला जाणवतो तो साधारण ३००० व्होल्टच्या पुढे. त्याखालचं कळतच नाही. आणि असे भाग हाताळण्याचं एएनएसआय/ईएसडी एस२०.२० हे मानक लिहिलंय १०० व्होल्टला दगावू शकणारे भाग डोळ्यासमोर ठेवून! तेव्हा "मला काही जाणवलं नाही" हा पुरावाच नव्हे.

दुसरं म्हणजे, दणका बसलेली चिप लगेच मरतेच असं नाही. ट्रान्झिस्टरमधला ऑक्साईडचा थर नॅनोमीटरमध्ये मोजायचा. तो अर्धवट दुखावला तर फोन मस्त सुरू होतो आणि काही महिन्यांनी रुसतो. मग शिव्या कोणाला? बॅटरीला, नाहीतर "चायना माल"ला. "माझ्या मशीनवर चालतंय" म्हणणाऱ्याला आपण ऑफिसात हसतो ना? हे तेच आहे.

कुणी म्हणेल, चिपच्या आत संरक्षक डायोड असतात की! असतात. पण ते आधीच काळजी घेणाऱ्या कारखान्याच्या हिशोबाने बसवलेले असतात. एसीच्या कोरड्या हवेत फ्लीसचं जॅकेट घालून बसलेल्या तुमच्यासाठी नव्हे.

बरं, उपाय महाग आहे का? वायरचा पट्टा काहीशे रुपयांत मिळतो. त्यात १ मेगाओहमचा रोधक हवाच. चुकून २३० व्होल्टला हात लागला तरी पट्ट्यातून जेमतेम पाव मिलिअँपियर जातो. तरीही, मेन्सला जोडलेलं उपकरण उघडताना पट्टा नको. त्याची क्लिप सॉकेटच्या भोकात खुपसू नका, अर्थिंगचा वेगळा प्लग मिळतो. जुन्या इमारतीत तिसरी पिन नुसती शोभेची असू शकते, ती वायरमनकडून तपासून घ्या. आणि तो "वायरलेस" पट्टा? जमिनीशी जोडलेलाच नाही, तर वीज जाणार कुठे? ते नुसतं ब्रेसलेट आहे.

आता खरा मुद्दा. आपलं उपकरण कोपऱ्यावरच्या दुकानात दुरुस्त करून घेण्याचा हक्क मला हवा आहे. २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राईट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं तेव्हा मलाही आनंद झाला होता. पण कंपन्या म्हणतात, बाहेरच्यांना नीट जमत नाही. "काही होत नाही हो" म्हणत आपण त्यांच्याच हातात कोलीत देतो. स्वतःचा फोन बिघडवलात तर तुमचा प्रश्न. पण मित्राचा, आईचा, गिऱ्हाईकाचा बिघडला तर त्यांना कारणसुद्धा कळत नाही.

म्हणून पुढच्या वेळी फोन दुरुस्तीला द्याल तेव्हा भाव विचारण्याआधी समोरच्याचं मनगट बघा. पट्टा नसेल तर विचारा. आणि स्क्रूड्रायव्हर तुमच्याच हातात असेल, तर आधी स्वतःचं बघा.