सूर फाटतो तो कोठें?

नाताळच्या गायनाच्या तालमींत एके सायंकाळीं असें झालें, कीं पहिलें गीत नीट पार पडलें आणि दुसऱ्या गीतासाठीं वादक विद्यार्थिनीनें आपल्या डिजिटल गिटारीची कळ फिरवून सुरांची मांडणी बदलतांच आवाज फाटला. खरखर, गुरगुर आणि आंत कोणी बेसूर गुणगुणत असल्याचा भास! सभागृहांत तत्काळ दोन पक्ष झाले. एक म्हणे, वाद्यच टाकाऊ. दुसरा म्हणे, मुलीचा हात जड. वर्गणी गोळा करून घेतलेलें तें वाद्य कपाटांत बंद करावें, येथपर्यंत मजल गेली. माझ्या मतें दोन्ही पक्षांनीं निवाडा आधीं दिला आणि चौकशी मागाहून करावयाची ठेविली.

हें वाद्य साध्या गिटारीहून निराळें आहे. याच्या घोडींत प्रत्येक तारेस स्वतंत्र संवेदक असतो. तारेचा कंप अंकांत उतरतो आणि त्या अंकांवरून आंतील गणकयंत्र दुसऱ्याच एखाद्या गिटारीचा आवाज घडवितें. तारागणिक निराळा संवेदक ठेवण्याच्या याच तत्त्वावर रोलंड कंपनीचें व्हीजी-८ हें यंत्र १९९५ सालीं आलें होतें. खुंटीस हात न लावतां सूर उतरविणें ही त्यांतलीच सोय. तार होती तशीच ताणलेली राहते. उतरतो तो केवळ अंकांतला सूर.

मेख येथेंच आहे. ‘ओपन जी’ ही मांडणी घ्या. तींत पहिली, पांचवी व सहावी या तारा दोन अर्धस्वरांनीं उतरतात, मधल्या तीन तशाच राहतात. आतां चौथी तार, म्हणजे डी, छेडली कीं तिचा थोडासा कंप घोडींतून पांचवीच्या संवेदकापर्यंत पाझरतो. यंत्रास वाटतें, हा पांचवीचाच आवाज. तें त्यासही दोन अर्धस्वर उतरवितें. मग १४६.८ कंपनांच्या डीशेजारीं १३०.८ कंपनांचा सी उभा राहतो, जो कोणीं वाजविलेलाच नसतो. दोहोंत सोळा कंपनांचें अंतर. सेकंदास सोळा हेलकावे, म्हणजे कानास गुरगुरच. सरळ मांडणींतही हा पाझर असतोच, पण तेथें तो मूळ सुरांतच मिसळून जातो, म्हणून कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. त्यावर ध्वनिवर्धकांत आवाज मुद्दाम खरखरीत करण्याची योजना चढविली कीं चिमूटभर दोष ओंजळभर होतो.

तेव्हां प्रथम तारा खुंट्यांनीं नेहमींच्या सुरांत चोख लावाव्या. कित्येक जण कळही फिरवितात व खुंटीही, आणि दोनदां उतरलेल्या सुराचें खापर यंत्रावर फोडतात! मग हेडफोन लावून ऐकावें. लहान खोलींत तारांचा मूळ नादही कानीं पडतो व तो यंत्रांतल्या उतरलेल्या सुराशीं भांडतो. हेडफोनांत गुरगुर नसेल, तर भांडण एवढेंच होतें. तेथेंही ती असेल, तर एकच तार छेडून बाकीच्या फडक्यानें दाबून पाहाव्या. आवाज स्वच्छ झाला तर दोष मोकळ्या तारांच्या अनुनादाचा. न झाला तर घोडीच्या पाझराचा, आणि तो कारागिराचाच विषय. केवळ जोराच्या आघातावर आवाज फाटत असेल, तर कारण तिसरेंच. अंकांना वरची मर्यादा असते. तिच्यापुढें गेलेल्या लाटेचा माथा सपाट कापला जातो. तेथें आंत येणाऱ्या आवाजाची पातळी उतरविणें हाच उपाय. मात्र एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. चार कळा एकदम फिरविणाऱ्यास गुण आला तरी कशानें आला, हें कळत नाहीं.

शिवाय, एकाच गीतासाठीं निराळी मांडणी हवी असेल, तर एखादी साधी गिटार खुंट्या पिळून त्या सुरांत लावून ठेवावी, असें माझें स्पष्ट मत आहे. तेथें तारच खरोखर उतरलेली असल्यामुळें न वाजविलेला सी कोठून येणार?

आमच्या तालमींत फडकें ठेवूनही गुरगुर गेली नाहीं. दुसऱ्या दिवशीं साधी गिटार आणविली, आणि तें गीत त्याच मुलीनें, त्याच हातानें, स्वच्छ वाजविलें. डिजिटल वाद्य कारागिराकडे गेलें आहे. त्या मुलीची क्षमा मात्र अद्याप कोणीं मागितलेली नाहीं.